पाईपला गोधडी घातली, तरी तो का फुटला?



आजचा पाठ थोडा वेगळा आहे. कडाक्याच्या थंडीत घरच्या विहिरीचा पंप कसा सांभाळायचा, हा त्याचा विषय. तुम्ही म्हणाल, "मॅडम, आपल्याकडे कुठे पंप गोठतो?" बरोबर आहे. मी निफाड तालुक्यात शिकवते. आमच्याकडे थंडी महाराष्ट्रात सगळ्यात कडक म्हणतात. एखाद्या वर्षी पारा ४-५ अंशांवर येतो, द्राक्षबागायतदारांची झोप उडते, पण बोअरचा पंप गोठल्याचं मी कधी ऐकलेलं नाही.

तरीही हा पाठ लिहिते आहे, कारण तो मला माझ्याच एका चुकीतून मिळाला. आणि ती चूक आपण प्राथमिक शिक्षक वर्गात रोज करतो. आपण मुलांना सांगतो, "लोकरीचे कपडे ऊब देतात." हे वाक्य किती महागात पडू शकतं, ते आधी सांगते. मग त्यातलं विज्ञान बघू, आणि शेवटी वर्गात करण्यासारख्या चार कृती.

घडलं ते असं

माझी धाकटी मावसबहीण अमेरिकेत टेक्सास राज्यात राहते. ऑस्टिन शहराबाहेर, मोकळ्या माळावर त्यांचं घर आहे. तिथे नगरपालिकेचा नळ नाही. अंगणात स्वतःची बोअर आहे, तिच्यावरच घर चालतं. अमेरिकेत अशी घरं थोडीथोडकी नाहीत. चार कोटींहून अधिक लोक घरच्या खासगी विहिरींचं पाणी वापरतात. आपण त्यांना बोअरवेल म्हणू, तिकडे नुसतं 'विहीर' म्हणतात.

टेक्सास हा तसा उष्ण प्रदेश. पण फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथे न भूतो अशी थंडीची लाट आली. १६ फेब्रुवारीला डॅलस शहरात तापमान उणे १९ अंश सेल्सिअसपर्यंत उतरलं. वीजकेंद्रं आणि गॅसपुरवठा गोठल्यामुळे राज्याची वीजयंत्रणा कोलमडायला आली आणि १५ तारखेच्या मध्यरात्रीनंतर वीज तोडायला सुरुवात झाली. ४५ लाखांहून अधिक घरं अंधारात गेली. त्या आपत्तीत २४६ माणसं दगावल्याचा राज्य सरकारचा अधिकृत आकडा आहे.

आपल्याकडे तेव्हा कोरोनामुळे पहिली ते चौथीचे वर्ग अजून घरूनच चालू होते. सोमवारी संध्याकाळी बहिणीचा फोन आला. तिकडे सकाळ झालेली.

"ताई, रात्रीपासून लाईट नाही. नळाला पाणी नाही. पंपाच्या खोलीत सगळं गार पडलंय. काय करू?"

तिचा मुलगा तेव्हा सहा वर्षांचा. घरात दोन बादल्या पाणी. मी इथून, मोठ्या आत्मविश्वासानं सांगितलं, "अगं, मावशीनं दिलेली गोधडी आहे ना? ती पाईपला आणि टाकीला चांगली गुंडाळ. ऊब राहील."

तिनं गुंडाळली. वीज आली ती थेट गुरुवारी पहाटे. वीज आल्याबरोबर पंप आपोआप सुरू झाला आणि पंपाच्या खोलीत कारंजं उडालं. पाईपला हातभर चीर पडली होती, पाण्याच्या फिल्टरचं भांडं तडकलं होतं. घरातल्यांना आवाज येईपर्यंत अर्धा तास पाणी वाहून गेलं. त्या आठवड्यात सगळ्या राज्यातले पाईप एकदमच फुटलेले, त्यामुळे प्लंबर मिळेना, दुकानात साधा जोड मिळेना. अकरा दिवस त्यांनी विकतच्या बाटल्यांवर आणि शेजाऱ्यांनी दिलेल्या पाण्यावर काढले. पहिले दोन दिवस संडासात टाकायला बादलीत बर्फ वितळवला.

नंतर व्हिडिओ कॉलवर भाच्यानं ती गोधडी दाखवली. भिजून, गोठून पुठ्ठ्यासारखी झालेली. आणि त्यानं विचारलं, "मावशी, गोधडी घातली होती, तरी पाईपला थंडी कशी वाजली?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही. डीएड झालेली, दहा वर्षं शिकवणारी मी, गप्प बसले. आजचा पाठ म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर आहे.

आधी पंप समजून घेऊ

आपल्याकडे बोअरचा पंप पाणी वर गच्चीवरच्या टाकीत चढवतो आणि ते उतारानं नळाला येतं. तिकडे बहुतेक घरांना गच्चीवर टाकी नसते. त्यांची रचना अशी:

१. बोअरच्या तळाजवळ, पाण्यात बुडालेला सबमर्सिबल पंप.
२. तिथून वर येणारा पाईप.
३. जमिनीवर एक छोटी खोली किंवा शेड. तिच्यात लोखंडी प्रेशर टाकी. टाकीत खाली पाणी, वर दाबलेली हवा, मध्ये रबराचा पडदा.
४. टाकीजवळ एक छोटा डबा, म्हणजे प्रेशर स्विच. तो एका बारीक नळीनं मुख्य पाईपला जोडलेला असतो.
५. पुढे फिल्टर आणि मग घराकडे जाणारा पाईप.

नळ उघडला की टाकीतली दाबलेली हवा पाणी ढकलते. दाब कमी होत होत ४० पीएसआयवर आला की स्विच पंप चालू करतो. ६० वर गेला की बंद करतो. (काही घरांत हे आकडे ३० आणि ५० असतात.) दाबाची ही खबर स्विचला कोण देतं? ती पेन्सिलीएवढी नळी. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता सांगा, यातलं काय आधी गोठेल? वर्गात विचारलंत तर मुलं म्हणतील, "पंप! तो गार पाण्यात आहे." उत्तर उलटं आहे. खोल बोअरमधला पंप सगळ्यात सुरक्षित असतो.

असं का? आपल्या मुलांना हे अनुभवानं ठाऊक आहे. हिवाळ्याच्या पहाटे विहिरीचं पाणी कोमट लागतं, उन्हाळ्यात तेच गार लागतं. पाणी बदलत नाही, बाहेरची हवा बदलते. जमिनीत काही फूट खाली गेलं की थंडीचा आणि उन्हाचा परिणाम कमी कमी होत जातो आणि पुरेशा खोलीवर तापमान वर्षभर जवळपास सारखं राहतं. ऑस्टिनच्या भागात ते २० अंशांच्या आसपास असतं. आमच्या निफाडचे द्राक्षबागायतदार कडाक्याच्या थंडीत पहाटे ठिबक चालू करतात, बागेत शेकोट्या पेटवतात. शेकोटीचं कारण सगळ्यांना कळतं, पण ठिबकचं? बोअरचं पाणी बाहेरच्या हवेपेक्षा उबदार असतं, ते बागेला जमिनीतली उष्णता आणून देतं.

म्हणून धोका पंपाला कमी आणि जमिनीवरच्या सामानाला जास्त. उत्तरेकडच्या मिनेसोटा राज्यात हिवाळाभर बर्फ असतो, पण तिथले लोक आधीच तयार असतात. तिथे बांधकामाच्या नियमांत जमीन किती खोल गोठते ते धरलेलं आहे: दक्षिण भागात ४२ इंच, उत्तर भागात ६० इंच. पाण्याचा पाईप त्याच्याही खालून नेतात. बोअरच्या केसिंगला जमिनीखालीच एक खास जोड बसवून पाणी तिथूनच बाजूला काढतात, ते उघड्यावर येतच नाही. टाकी आणि स्विच तळघरात असतात. टेक्सासमध्ये मात्र पाईप वरच्यावर पुरलेला आणि टाकी पत्र्याच्या शेडमध्ये. थंडी रोजची नसते तिथे तयारी नसते, आणि नुकसान होतं ते तिथेच.

एक अपवाद सांगून ठेवते. काही उथळ विहिरींना पंप जमिनीवरच असतो, त्याला जेट पंप म्हणतात. त्याच्या बिडाच्या कवचात पाणी भरलेलं असतं. ते गोठलं तर पंपच तडकतो. अशा पंपाला खाली पाणी सोडायचं बूच असतं. वापर नसेल तेव्हा वीज बंद करून ते बूच उघडून पंप रिकामा करायचा.

पाणी गोठलं की पाईप का फुटतो?

बहुतेक पदार्थ गार झाले की आकसतात. पाणीही ४ अंशांपर्यंत आकसतं. त्याच्या खाली मात्र ते उलट वागायला लागतं, आणि ० अंशाला बर्फ होताना त्याचं आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढतं. १०० मिलिलिटर पाण्याचा साधारण १०९ मिलिलिटर बर्फ होतो.

इथे आपण थांबतो आणि सांगतो, "बर्फ फुगतो म्हणून पाईप फुटतो." हे अर्धं उत्तर आहे. पाईप बऱ्याचदा बर्फ असतो तिथे फुटतच नाही. समजा, पाईपच्या मधल्या भागात बर्फाचं बूच तयार झालं. ते वाढतं तसं पुढचं पाणी नळाकडे ढकलतं. नळ बंद आहे. मागे बर्फ, पुढे बंद नळ, आणि मध्ये कोंडलेलं पाणी. पाणी दाबलं जात नाही, म्हणून दाब भराभर वाढतो आणि सगळ्यात कमकुवत जागा फाटते. मागच्या बाजूला, टाकीकडे, पाण्याला परत सरकायला वाव असतो, कारण टाकीतली हवा दबते.

इलिनॉय विद्यापीठातल्या इमारत संशोधकांनी हेच अभ्यासून दाखवलं आणि उघड्या पाईपसाठी धोक्याची खूण २० फॅरनहाइट, म्हणजे उणे ६.७ सेल्सिअस, अशी दिली.

आता नळ बारीक उघडा ठेवण्याचा सल्ला का देतात, ते कळेल. त्याचे दोन फायदे आहेत. एक, जमिनीतलं उबदार पाणी पाईपमधून हळूहळू येत राहतं. दुसरा, आणि मोठा, बर्फ झालाच तरी दाबाला बाहेर पडायला वाट राहते. म्हणून घरातला सगळ्यात लांबचा नळ पेन्सिलच्या शिशाएवढ्या धारेनं चालू ठेवायचा.

गोधडीचं काय चुकलं?

आता भाच्याच्या प्रश्नाकडे येऊ. गोधडीत आपण झोपतो तेव्हा उबदार वाटतं, कारण आपलं शरीर सतत उष्णता तयार करत असतं. गोधडी ती बाहेर जाऊ देत नाही. म्हणजे ऊब आपली, गोधडी फक्त राखण करते. पाईप काही जिवंत नाही. त्याच्या आत उष्णता तयार होत नाही. त्याला गोधडी घातली तर आत आहे ती उष्णता हळू निघून जाते, एवढंच. दोन तासांत गोठणारा पाईप सहा तासांत गोठेल. एका रात्रीची थंडी असेल तर तेवढ्यावर निभावतं. तीन दिवस वीज नाही, पाणी हलत नाही, बाहेर शून्याच्या बरंच खाली, मग गोधडी काय करणार? त्यात ती भिजली. भिजलेलं कापड उष्णता राखण्याऐवजी बाहेर घालवतं.

माझा सल्ला अपुरा होता, तो असा. मी तिला राखण करायला सांगितलं, पण राखायला काही उरलंच नव्हतं.

तेव्हापासून मी वर्गात "लोकरीचे कपडे ऊब देतात" असं म्हणत नाही. "ऊब राखतात" म्हणते. एका शब्दाचा फरक आहे, पण सगळं विज्ञान त्या शब्दात आहे.

मग करायचं काय?

पंप वाचवायचे उपाय चार प्रकारचे आहेत: ऊब राखा, ऊब द्या, पाणी हलतं ठेवा, नाहीतर पाणी काढून टाका. परिस्थिती बघून निवडायचं.

थंडी यायच्या आधी:
– पंपाच्या खोलीच्या फटी बुजवा. वाऱ्याची झुळूक थेट पाईपवर आली की तो फार लवकर गोठतो.
– पाईपला फोमच्या नळ्या चढवा, जोड आणि कोपरेही झाका. स्विचची बारीक नळी विसरू नका. सगळं कोरडं राहू द्या.
– उष्णतेचा स्रोत ठेवा. पाईपला बांधायची हीटिंग केबल मिळते. तिच्यावरच्या सूचना वाचून बांधायची, साधी केबल स्वतःवरून ओलांडून गुंडाळायची नाही, जळते. तापमान २ अंशांवर आलं की आपोआप चालू होणारे आणि ७ अंशांला बंद होणारे प्लगही मिळतात.
– पिण्याचं आणि वापरायचं पाणी भरून ठेवा. वीज गेली की बोअर असूनही घर कोरडं पडतं.

वीज गेली आणि लवकर येणार नसेल तर:
– सगळ्यात आधी पंपाचा ब्रेकर बंद करा. बहिणीकडे हेच राहून गेलं.
– टाकीच्या खालचा कॉक उघडून टाकी आणि पाईप रिकामे करा. घरातले नळ उघडा म्हणजे हवा आत शिरेल आणि पाणी उतरेल. फिल्टरचं भांडं काढून ओतून द्या.
– घरातले पाईपही रिकामे केले असतील तर पाणी तापवायच्या विजेच्या बंबाचाही ब्रेकर बंद ठेवा. वीज आल्यावर रिकामा बंब तापला तर त्याची कॉइल जळते.
रिकाम्या पाईपला गोठायची भीती नाही. जिथे ऊब देता येत नाही, तिथे हाच खात्रीचा उपाय.

गोठलंच तर:
– ब्रेकर बंद, नळ उघडा. मग नळाच्या बाजूनं सुरुवात करून गोठलेल्या भागाकडे या, म्हणजे वितळलेल्या पाण्याला वाट मिळते. केस वाळवायचा ड्रायर किंवा कोमट फडकं वापरा. खाली पाणी साचलं असेल तर विजेचं काहीही वापरू नका. उकळतं पाणी ओतू नका, आणि जाळ तर अजिबात नको.
– चीर पडली आहे का ते पूर्ण तपासा. मगच ब्रेकर चालू करा, आणि दाबाचा काटा स्थिर होईपर्यंत तिथेच उभे राहा. फुटलेला पाईप तसाच राहिला तर पंप न थांबता चालतो, बोअरचं पाणी खाली गेलं तर कोरडा चालून जळतो. जमिनीखाली सुरक्षित असलेला पंप असा वर झालेल्या चुकीनं मरतो.

आणि एक गोष्ट पंपापेक्षा महत्त्वाची. टेक्सासमध्ये त्या दिवसांत लोकांनी घर तापवायला कोळशाची शेगडी आत आणली, जनरेटर बंद जागेत चालवला, गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवली. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडनं माणसं मेली. या वायूला वास नाही, रंग नाही. आपल्याकडेही थंडीत बंद खोलीत शेगडी ठेवून झोपल्यानं असेच जीव जातात. पाईप नवा घेता येतो. हे मुलांना आणि पालकांना आवर्जून सांगा.

दिवा लागला होता, पण...

२०२१ नंतर माझी बहीण आणि जावई शहाणे झाले. फोम चढवला, फटी बुजवल्या आणि टाकीजवळ १०० वॅटचा जुना, तारेचा दिवा लावला. छोट्या बंद खोलीला अशा दिव्याची उष्णता पुरते, कारण तो घेतलेल्या विजेपैकी ९० टक्क्यांहून जास्त वीज उष्णतेत घालवतो. उजेडाच्या दृष्टीनं हा दोष, पंपाच्या दृष्टीनं गुण. दोन हिवाळे छान गेले.

२०२३ च्या शेवटी तो दिवा उडाला. ऑगस्ट २०२३ पासून अमेरिकेत असे नेहमीचे तारेचे दिवे विकायला बंदी आली होती. जावयांनी दुकानातून '१०० वॅटच्या बरोबरीचा' एलईडी आणून लावला. तो खरा घेतो १५ वॅट.

जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा थंडीची लाट आली. एके सकाळी वीज आहे, दिवा लागलाय, पण पंप चालू होईना. रात्रभर बारीक चालू ठेवलेला नळ कोरडा. भाचा आता नऊ वर्षांचा. तो आईबरोबर पंपाच्या खोलीत गेला, दिव्याजवळ हात नेला आणि म्हणाला, "आई, हा उजेड देतोय, पण गरमच नाहीये."

गोठली होती फक्त ती पेन्सिलीएवढी नळी. टाकीत दाब भरपूर असतानाच ती गोठली, म्हणून स्विचला तोच जुना दाब कळत राहिला. खरा दाब शून्यावर आला तरी त्यानं पंप चालू केला नाही. (उलटही होऊ शकतं. दाब कमी असताना नळी गोठली तर पंप थांबतच नाही, आणि ते जास्त धोक्याचं.) या वेळी त्यांनी आधी ब्रेकर बंद केला. वीस मिनिटं ड्रायर धरला. नळी सुटली, कुठेही चीर नव्हती, कारण नळ उघडा असल्यामुळे पाणी कोंडलंच नव्हतं. ब्रेकर चालू केला आणि पंपाचा आवाज आला. त्याच दिवशी पाईपला आणि त्या नळीला हीटिंग केबल बांधली.

रात्री बहिणीचा फोन आला. भाचा मागून ओरडत होता, "मावशी, मी सापडवलं!" सहाव्या वर्षी मी ज्याला उत्तर देऊ शकले नाही, त्यानं नवव्या वर्षी स्वतःच उत्तर शोधलं. दिवा बघून विश्वास ठेवला नाही, हात लावून पाहिलं. विज्ञान शिकवायचं म्हणजे याहून वेगळं काय करायचं असतं?

वर्गात करायच्या कृती

कृती १: बर्फ किती फुगतो?
साहित्य: प्लास्टिकची सरळ बाटली, मार्कर, फ्रीज. बाटली पाऊण भरून पाण्याच्या पातळीवर खूण करा, रात्रभर बर्फाच्या कप्प्यात उभी ठेवा. दुसऱ्या दिवशी नवी पातळी मोजा. मूळ उंची १० सेंटिमीटर असेल तर वाढ सेंटिमीटरच्या आसपास दिसेल. तिसरी-चौथीला मोजमाप, सहावी-सातवीला शेकडेवारी. काचेची बाटली वापरू नका.

कृती २: पाणी दाबतं का?
साहित्य: सुई नसलेली इंजेक्शनची सिरिंज. आधी हवा भरून, टोकाला बोट लावून दट्ट्या दाबा. आत जातो, सोडला की परत येतो. ही झाली प्रेशर टाकी. मग हवेचा बुडबुडा न ठेवता पाणी भरून तसंच करा. दट्ट्या हलत नाही. हा झाला बर्फ आणि बंद नळ यांमधला पाईप. आता बोट किंचित सैल करा. ही झाली नळाची बारीक धार.

कृती ३: गोधडीतला बर्फ
साहित्य: बर्फाचे दोन सारखे खडे, दोन प्लास्टिक पिशव्या, गोधडीचा तुकडा. एक खडा उघडा ठेवा, एक गोधडीत गुंडाळा. आधी मुलांचा अंदाज फळ्यावर लिहा. माझ्या वर्गात बहुतेक मुलं म्हणाली, "गोधडीतला आधी वितळणार, तिथे गरम असतं." अर्ध्या तासानं उघडून बघा. गोधडीतला खडा मोठा असतो! गोधडी उष्णता देत नाही, जायला-यायला अडवते, हे मुलं स्वतः बघतात.

कृती ४: राखण किती वेळ?
साहित्य: दोन सारख्या स्टीलच्या बाटल्या, कोमट पाणी, तापमापी. एक बाटली गुंडाळा, एक उघडी ठेवा. दर दहा मिनिटांनी तापमान नोंदवा, आलेख काढा. कोमट पाणी ओतायचं काम शिक्षकांनीच करावं. मधल्या सुट्टीपर्यंत फरक ठळक दिसतो, पण शाळा सुटायच्या वेळी दोन्ही बाटल्या जवळपास सारख्याच गार झालेल्या असतात. शेवटच्या नोंदीपर्यंत थांबा. माझा फोनवरचा सल्ला अपुरा का होता, ते तिथेच कळतं.

गणिताशी जोड: १०० वॅटचा दिवा १० तास चालला तर १ युनिट वीज लागते. १५ वॅटचा एलईडी तेवढाच वेळ चालला तर किती? (०.१५ युनिट.) वाचलेली वीज चांगली की वाईट? घरात चांगली, त्या पंपाच्या खोलीत वाईट. यावर वर्गात चर्चा घ्या, मुलं मजेनं बोलतात.

पालकांसाठी घरचे प्रश्न:
१. पहाटे विहिरीचं किंवा बोअरचं पाणी कोमट का लागतं? मुलाला घेऊन प्रत्यक्ष हात लावून बघा.
२. आपल्या घरातला पंपाचा स्विच किंवा एमसीबी कुठे आहे, हे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला माहीत आहे का?
३. पंप चालू आहे आणि पाणी येत नाही, अशा वेळी आधी काय कराल? (बंद करा. मग शोधा.)

ती फाटकी गोधडी बहिणीनं टाकली नाही. धुऊन, वाळवून भाच्याच्या अंथरुणावर घातली आहे. तिथे ती तिचं काम चोख करते, कारण आत एक गरम, वळवळणारा मुलगा असतो.